मॅकडायर्मिड यांच्यामुळे नेमकं काय बदललं? सायटेशनची स्लाइड बाजूला ठेवून

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारी मुलगी नाशिकमध्ये एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'एका शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा प्रभाव' हा सेमिनारचा विषय. सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स आणि वाहक पॉलिमर (वीज वाहणारी प्लास्टिकं) आवडतात म्हणून तिने ॲलन मॅकडायर्मिड निवडले. पेपरांची संख्या, सायटेशन (इतरांच्या पेपरांत किती वेळा आधार घेतला तो आकडा), त्यावरून काढलेला एच-इंडेक्स, नोबेल, सगळ्याची स्लाइड तयार आहे. रंगीत तालमीत सर म्हणाले, "ते सगळं ठीक, पण यांच्यामुळे बदललं काय?" आता काय सांगायचं?

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. नेमका प्रश्न विचारलाय.

मी नाशिकमध्ये अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्याआधी पॉलिॲनिलिन या हिरव्या वाहक पॉलिमरवर पीएच.डी. केली. त्यामुळे मॅकडायर्मिड म्हणजे माझ्यासाठी फोटोतले नोबेलवाले नाहीत, चार वर्षं माझी बोटं हिरवी करून ठेवणारे गृहस्थ आहेत. (बोटं हिरवी झाली ती माझ्या आळसामुळे. तू हातमोजे घाल. ते ज्यापासून बनतं ते ॲनिलिन विषारी आहे आणि कातडीतून आत जातं.)

माझं मत आधीच सांगते. प्रयोगशास्त्रात एखाद्याचा प्रभाव बघायचा असेल तर त्याची मोठी अवघड गोष्ट इतरांच्या हातात किती सोपी झाली ते बघावं. मॅकडायर्मिड यांच्या बाबतीत हे तुला गंगापूर रोडवरच्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये, एका बीकरमध्ये दाखवता येईल. तिथे पोचण्याआधी थोडा इतिहास घे, कारण तोही बहुतेक सेमिनारमध्ये चुकीचा सांगितला जातो.

'विद्यार्थ्याने चुकून हजारपट उत्प्रेरक टाकला आणि वीज वाहणारं प्लास्टिक सापडलं' ही गोष्ट तू ऐकली असशील. ती अर्धीच खरी आहे. ते प्लास्टिक म्हणजे पॉलिॲसिटिलीन. ते इटलीत नाट्टा यांनी १९५८ मध्येच केलं होतं, पण काळी पूड म्हणून, आणि पुडीचं मोजमाप धड होत नाही. १९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा काम करत होते त्या प्रयोगशाळेत कोरियाहून आलेल्या एका पाहुण्या संशोधकाच्या हातून उत्प्रेरक हजारपट पडला आणि पुडीऐवजी चांदीसारखी चमकणारी फिल्म मिळाली. हा चुकून झालेला भाग. पण ती फिल्म वीज नीट वाहत नव्हती! दिसायला धातू, मोजायला अर्धवाहक. वाहकता यायला पुढे नऊ वर्षं गेली आणि ती कुणाच्या चुकीतून आली नाही.

इथे मॅकडायर्मिड येतात, आणि त्यांच्या गोष्टीचा धागा रंगांचा आहे. १९२७ चा जन्म, न्यूझीलंडमधलं मास्टर्टन. घरची परिस्थिती बेताची, सोळाव्या वर्षी शाळा सुटली, वेलिंग्टनच्या कॉलेजात लॅबमधला पोऱ्या म्हणून अर्धवेळ काम आणि सोबत शिक्षण. तिथे प्रबंधासाठी गंधक-नायट्रोजनचं एक संयुग मिळालं, भडक नारिंगी स्फटिकांचं. १९४९ मधला त्यांचा पहिला पेपर त्यावरच आहे. पुढे अमेरिका, केंब्रिज आणि १९५५ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. सत्तरच्या दशकात ॲलन हीगर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर ते पुन्हा त्याच घराण्यातल्या पदार्थाकडे वळले, पॉलिसल्फर नायट्राइडकडे. हे स्फटिक सोनेरी, आणि धातू नसून विजेचे वाहक. १९७५ मध्ये जपानमध्ये त्यांनी या सोनेरी पदार्थावर व्याख्यान दिलं. नंतर चहा घेताना शिराकावांनी आपली रुपेरी फिल्म दाखवली आणि मॅकडायर्मिड यांनी त्यांना वर्षभरासाठी अमेरिकेला बोलावलं. पैसे अमेरिकी नौदलाच्या संशोधन निधीतून आले.

पुढचा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगायचे. पेनसिल्व्हेनियात त्यांनी फिल्म जास्तीत जास्त शुद्ध करायला घेतली, शुद्ध झाली की जास्त वाहील या हिशेबाने. झालं उलटं. जितकी शुद्ध, तितकी वाहकता कमी. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे 'प्रयोग फसला' असं वहीत लिहून पान उलटलं असतं. त्यांनी विचार केला, की म्हणजे अशुद्धीच काम करतेय. मग मुद्दामच घालून बघू. हॅलोजनची वाफ दिली की या फिल्मचा इन्फ्रारेड वर्णपट एकदम बदलतो, हे शिराकावांनी टोकियोत आधीच पाहिलेलं होतं. २३ नोव्हेंबर १९७६ ला शिराकावा आणि च्यांग (हीगर यांच्याकडचे संशोधक) यांनी फिल्मला चार तारा जोडून ब्रोमीनची वाफ सोडली. काही मिनिटांत वाहकता सुमारे एक कोटी पट वाढली. १९७७ मध्ये पेपर आले आणि २००० मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल.

सेमिनारमध्ये 'वाहक पॉलिमरचा जनक' असलं काही म्हणू नकोस. परीक्षक जाणकार असेल तर लगेच विचारेल, "मग लेथेबीचं काय?" हेन्री लेथेबी यांनी १८६२ मध्ये लंडनमध्ये ॲनिलिनच्या आम्लद्रावणातून वीज सोडून प्लॅटिनमवर निळा-हिरवा थर मिळवला होता. आज आपण त्याला पॉलिॲनिलिन म्हणतो. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात वाइस आणि सहकाऱ्यांनी आयोडीन घातलेल्या पॉलिपायरोलची चांगली वाहकता छापली होती. त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. मग या तिघांनी वेगळं काय केलं? डोपिंग (अशी मुद्दाम घातलेली अशुद्धी) ही गोष्ट हवी तेवढी घालता येते, काढता येते आणि आधी सांगून मोजता येते, हे दाखवलं. शिवाय रसायनवाला आणि भौतिकवाला एकाच टेबलाशी बसवला. नोबेलच्या शब्दांतही 'शोध' आणि 'विकास' दोन्ही आहेत. त्यातला दुसरा शब्द लोक वाचत नाहीत.

आता बीकर.

पॉलिॲसिटिलीनची गंमत अशी की हवेतल्या ऑक्सिजनने ते खराब होतं, वितळत नाही, विरघळत नाही. व्यवहारात निरुपयोगीच. मॅकडायर्मिड यांनी ऐंशीच्या दशकात लेथेबींच्याच जुन्या हिरव्या पदार्थाकडे मोर्चा वळवला. १९८६ च्या पेपरात त्यांनी आणि च्यांग यांनी दाखवलं, की पॉलिॲनिलिनच्या 'एमरल्डिन' रूपाला नुसतं आम्ल दिलं की ते वाहक होतं. (हे च्यांग वेगळे आणि १९७६ चे वेगळे. अनेक प्रबंधांत दोघांची खिचडी झालेली मी पाहिली आहे.) पॉलिॲसिटिलीनमधून ब्रोमीन इलेक्ट्रॉन काढून घेतं. इथे इलेक्ट्रॉनची संख्या बदलतच नाही, फक्त प्रोटॉन येऊन बसतो. आम्ल दिलं की हिरवं आणि वाहक, अल्कली दिलं की निळं आणि जवळजवळ निर्वाहक. पुन्हा आम्ल, पुन्हा हिरवं. ग्लोव्ह बॉक्स (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) नको, निर्वात नळ्या नकोत, ब्रोमीन नको.

ही कृती किती सोपी झाली त्याचा पुरावा छापलेला आहे. २००२ मध्ये आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे एक अहवाल आला. वेगवेगळ्या देशांतल्या पाच संस्थांतल्या आठ जणांनी एकाच कृतीने पॉलिॲनिलिन केलं. २.५९ ग्रॅम ॲनिलिन हायड्रोक्लोराइड ५० मिलि पाण्यात, ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट दुसऱ्या ५० मिलि पाण्यात, खोलीच्या तापमानाला एकत्र, ढवळ आणि ठेव. सगळ्यांचा उतारा (यील्ड) ९० टक्क्यांच्या वर. ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता ४.४ सीमेन्स प्रति सेंमी, आणि तेच नमुने अल्कलीने धुतल्यावर एका सीमेन्सच्या सुमारे सात कोटीव्या भागाइतकी. फरक तीस कोटी पटींच्या घरात, आणि तो घडवायला लागतं ते शेल्फवरचं अमोनियाचं द्रावण. आठ अनोळखी हातांना एकच उत्तर मिळतं, ही ओळ तुझ्या स्लाइडवर एच-इंडेक्सच्या जागी टाक.

करताना काय दिसतं तेही सांगते, कारण सेमिनारमध्ये 'मी हे स्वतः केलंय' हे कळलं पाहिजे. दोन द्रावणं मिसळल्यावर पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. माझे विद्यार्थी दरवेळी इथेच घाबरून विचारायचे, "मॅडम, एपीएस (म्हणजे ते अमोनियम परसल्फेट) जुनं आहे का?" मग बीकरमध्ये फिकट निळी झाक येते, बघता बघता गडद निळं होतं, पृष्ठभागावर तांब्यासारखी चमक येते, बीकर हाताला कोमट लागतो आणि शेवटी सगळं गडद हिरवं. आम्ही पूर्वी बर्फात करायचो. एप्रिल-मेमध्ये लॅबचं बर्फाचं मशीन हमखास बंद, मग शिपाईमामा कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणायचे. गाळताना मात्र घाई करू नकोस. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धू, मग ॲसिटोनने. नुसत्या पाण्याने धूत बसलीस तर आम्ल निघून जाईल आणि वाहकताही.

मोजमापात माझी एक जुनी फजिती आहे. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, माझी पेलेट (पूड दाबून केलेली चकती) अपेक्षेपेक्षा खूपच जास्त वाहक निघाली. आनंदाच्या भरात गाइडना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "वाळवलीस का?" नव्हती वाळवली. निर्वात ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर ठेवली आणि सकाळी तो सगळा पराक्रम उतरला होता. दुसरी चूक मल्टिमीटरची. इन्फ्रारेड तपासणीसाठी वापरतात त्या साच्यात दाबलेली १३ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची पेलेट घे. ४.४ वाहकता असेल तर आरपार रोध येतो ओहमच्या सुमारे साठाव्या भागाइतका. तुझ्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो. मीटरवर दिसणारे एक-दोन ओहम हे तारा आणि टेकण्याच्या जागा यांचे, पॉलिमरचे नव्हेत. फोर प्रोब (चार टोकांनी मोजणारं साधन) म्हणूनच लागतो, आणि १९७६ च्या त्या फिल्मला चार तारा होत्या त्या याच कारणासाठी.

आता अडचणीची बाजू. ती सांगितलीस तर सेमिनारला वजन येईल. ऐंशीच्या दशकात दोन स्वप्नं विकली गेली, प्लास्टिकच्या तारा आणि प्लास्टिकच्या बॅटऱ्या. तांब्याची वाहकता आहे सुमारे सहा लाख सीमेन्स प्रति सेंमी. आपली हिरवी पेलेट चार. तारांचं तिथेच संपलं. पॉलिॲनिलिनची बटण सेल जपानमध्ये त्या दशकाच्या शेवटी बाजारात आली आणि लिथियम-आयनपुढे टिकली नाही. अंबडमध्ये एका कारखान्याला मी काही काळ सल्ला देत होते. त्यांना सर्किट बोर्ड ठेवायला स्थिर वीज न साचणारे ट्रे हवे होते. मी मोठ्या उत्साहाने पॉलिॲनिलिन मिसळलेला नमुना करून नेला. खरेदी खात्यातल्या साहेबांनी काजळी घातलेला नेहमीचा काळा ट्रे माझ्यापुढे ठेवला आणि किलोचा भाव सांगितला. मी नमुना पिशवीत घालून रिक्षाने घरी आले.

मग हे पॉलिमर गेले कुठे? जिथे थोडासाच, पातळ आणि लवचीक थर पुरतो तिथे. एम. जी. रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुना मदरबोर्ड मागून घे. डोक्यावर फुगलेले, खालून चिकट पाणी सुटलेले कॅपॅसिटर दिसतील. त्यांच्यात द्रव इलेक्ट्रोलाइट असतो. नव्या बोर्डावर त्याच जागी चपट्या डोक्याचे 'सॉलिड' कॅपॅसिटर असतात, आणि त्यांच्यात द्रवाऐवजी वाहक पॉलिमर असतो, बहुधा पेडॉट नाहीतर पॉलिपायरोल. सुकणं नाही, गळणं नाही. दुकानदाराला 'वाहक बहुवारिक' म्हटलंस तर तो तुझ्याकडे बघत राहील, पण 'सॉलिड कॅप' म्हणताच डबा पुढे करेल. पेडॉट हे बायर कंपनीतलं काम आहे आणि सुरुवातीला ते फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून वापरलं गेलं. म्हणजे ते मॅकडायर्मिड यांचं नव्हे, पण त्यांनी उघडलेल्या दारातून आलेलं.

मोबाइलच्या ओलेड पडद्याचं श्रेय मात्र त्यांना देऊ नकोस. हे मी जवळजवळ प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकते. १९८७ चं टँग आणि व्हॅनस्लाइक यांचं कोडॅकमधलं काम लहान सेंद्रिय रेणूंवरचं होतं, आणि आजचे फोनचे पडदे मुख्यतः त्याच वंशातले आहेत. पॉलिमरचा प्रकाश देणारा डायोड १९९० मध्ये केंब्रिजमध्ये झाला. तिथेही प्रकाश देतं ते डोप न केलेलं, अर्धवाहक पॉलिमर. वाहक पॉलिमर आणि अर्धवाहक पॉलिमर ही सख्खी भावंडं असली तरी एक नव्हेत.

माझ्या मते सगळ्यात गमतीचा परिणाम भौतिकशास्त्रात झाला. डोप केलेल्या पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत विजेचा भार कसा सरकतो हे समजावण्यासाठी १९७९ मध्ये सू, श्रीफर आणि हीगर यांनी एक छोटं गणिती प्रतिरूप मांडलं. साखळीत एकेरी-दुहेरी बंधांचा क्रम जिथे उलटतो, ती गाठच जणू कण असल्यासारखी पुढे सरकते. आज टोपॉलॉजिकल पदार्थ शिकवताना पहिलं उदाहरण म्हणून हेच प्रतिरूप फळ्यावर येतं. पॉलिॲसिटिलीन हवेत विटून गेलं आणि त्याचं गणित चाळीस वर्षांनंतरही ताजं आहे. तुमच्या भौतिकशास्त्र विभागात कुणाला तरी 'एसएसएच मॉडेल' (या तिघांच्या आद्याक्षरांवरून) माहीत आहे का विचार. असेल तर एक स्लाइड त्यांच्याकडूनच करून घे.

सेन्सरबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे प्रबंध तिथेच आहेत. अमोनियाने पॉलिॲनिलिनचा प्रोटॉन निघतो, रंग बदलतो, रोध वाढतो. आणि आपला जिल्हा द्राक्षांचा, अमोनियावर चालणारी शीतगृहं आहेतच. म्हणून दरवर्षी कुणीतरी 'शीतगृहासाठी पॉलिॲनिलिन अमोनिया सेन्सर' करतं. काचेच्या बरणीत कोरड्या हवेत तो सुंदर चालतो. प्रत्यक्ष शीतगृहात दमटपणा प्रचंड असतो, आणि पाण्याची वाफही पॉलिॲनिलिनचा रोध बदलते. शिवाय महिनोन्‌महिने तसाच ठेवला की शून्याची रेघच सरकत जाते. म्हणून तिथल्या भिंतीवर दिसतात ते दुसऱ्या जातीचे, विद्युतरासायनिक सेलचे सेन्सर. एखाद्या नव्या ऑक्साइडची चिमूट घालून तोच आलेख पुन्हा छापणारे ढीगभर पेपर हाही मॅकडायर्मिड यांच्या कामाचाच प्रभाव आहे, आणि सायटेशनच्या आकड्यात तो मानाने मोजला जातो.

म्हणून सायटेशनची स्लाइड फेकू नकोस, ती तपास. १९७७ किंवा १९८६ च्या पेपरचा आधार घेणारे दहा पेपर उघड आणि प्रत्येकात तो आधार कुठल्या वाक्यात आहे ते बघ. 'वाहक पॉलिमरकडे अलीकडे बरंच लक्ष वेधलं गेलं आहे' या छापाच्या पहिल्या वाक्यात असेल तर तो नुसता देवापुढचा नारळ. कृतीत किंवा निष्कर्षाच्या चर्चेत असेल तर त्या माणसाला त्याची खरोखर गरज पडली होती. दहापैकी किती कुठे, एवढा एक तक्ता कर. सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात निम्मं येईल आणि ते तुझं स्वतःचं असेल.

उरलेलं निम्मं हातात धरून दाखव. कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंगचं पारदर्शक कव्हर घे, पट्ट्या काप, साबणाने धू. वरची कृती करताना मिसळल्या मिसळल्या त्या बीकरमध्ये उभ्या सोड. पॉलिमर प्लास्टिकवरही पातळ थराने बसतो. पंधरा-वीस मिनिटांनी काढून विरल आम्लात बुडव, वाळव. दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या फॉइलचे चिमटे आणि मीटर मेगाओहमपर्यंत मोजणारा. सेमिनारच्या दिवशी अमोनियाची बाटली झाकण घट्ट लावून ने, खिडकीजवळ उभी राहा, पट्टी तोंडाशी क्षणभरच धर. हिरव्याची निळी होताना आकडा कुठे पळतो ते मागच्या बाकावरूनही दिसेल. पट्ट्या चार-पाच कर, पहिल्या दोनांवर थर डागाडागांचाच येतो.